अण्णा, शेवंता आणि राहून गेलेली इच्छा

मुळशी तालुक्यातील मारुंजी हे एकेकाळचे शेतीवाडीचे गाव. शेजारच्या हिंजवडीत माहिती तंत्रज्ञानाचे उद्यान उभे राहिले आणि पाहता पाहता मारुंजीच्या शिवारात उंच गृहसंकुले दिसू लागली. या सदनिकांत राहायला आलेली माणसे कोकणातली, घाटावरची, मराठवाड्यातली, खानदेशातली. त्यांच्यापैकी अनेकांचे आणखी एक घर गावाकडे असते. कुठे त्याला कुलूप असते, कुठे त्याच्या वाटणीचा वाद चाललेला असतो, तर कुठे म्हातारे आईवडील त्यात दिवा लावत असतात. झी मराठी वाहिनीवर २२ फेब्रुवारी २०१६ रोजी 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका सुरू झाली, तेव्हा शहरातील प्रेक्षकाला पडद्यावर नेमके हेच दुसरे घर दिसले. कौलारू छप्पर, ऐसपैस पडवी, मागे माडाची झाडे आणि घरातल्या कर्त्या पुरुषाचा नुकताच झालेला मृत्यू. भीती वाटावी म्हणून रचलेल्या या मालिकेतून मराठी प्रेक्षकाने पुढे लक्षात ठेवली ती मात्र भुते नव्हेत, माणसे. अण्णा नाईक, शेवंता, माई आणि पांडू ही नावे मालिका न पाहणाऱ्यांच्याही तोंडी रुळली.

भय आणि प्रेम यांची सांगड घालणाऱ्या मालिकांमध्ये व्यक्तिरेखा एवढ्या मनात का रुतून बसतात? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर मराठीत अण्णा-शेवंता या जोडीइतके चांगले उदाहरण नाही.

प्रकार नवा, ओढ जुनी

इंग्रजी प्रकाशनविश्वात या प्रकाराला 'पॅरानॉर्मल रोमान्स' असे नाव आहे. मराठीत त्याला अतिमानवी प्रेमकथा म्हणता येईल. नायक किंवा नायिका यांपैकी एक जण सर्वसामान्य माणूस असतो, तर दुसरा भूत, रक्तपिपासू, इच्छाधारी प्राणी किंवा अलौकिक शक्ती लाभलेली व्यक्ती असते. दोघांमधील ओढ आणि दोघांमधील अंतर हा कथेचा कणा. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ मधील 'ड्रॅक्युला' या कादंबरीतील सरदार हा भयाचा विषय होता, प्रेमाचा नव्हे. अ‍ॅन राइस यांच्या १९७६ मधील 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर'ने रक्तपिपासूला स्वतःची बाजू मांडू दिली आणि वाचकाची सहानुभूती त्याच्याकडे वळली. स्टेफनी मायर यांच्या 'ट्वायलाइट' मालिकेच्या चार कादंबऱ्या २००५ ते २००८ या काळात प्रसिद्ध झाल्या, तेव्हा जगभरातील तरुण वाचकांत एडवर्डचा गट आणि जेकबचा गट असे तट पडले. कथानकाचे काय होणार यापेक्षा बेलाने कोणाची निवड करावी यावर ते वाद घालत होते. हिंदी दूरचित्रवाणीवर २०१५ मध्ये 'नागिन' सुरू झाली आणि इच्छाधारी नागिणीची जुनीच कल्पना नव्या पिढीच्या घरात पोचली.

मराठी वाचकाला अद्भुत आणि शृंगार यांचे मिश्रण काही परके नाही. मराठी कादंबरीचा आरंभकाळच अद्भुतरम्य कथांचा आहे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ मध्ये आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ मध्ये प्रसिद्ध झाली. विरहाने व्याकुळ प्रेमिक, दुष्टांचे कारस्थान, चमत्कारिक योगायोग आणि शेवटी मीलन हा या कादंबऱ्यांचा साचा. त्यांतील पात्रे मात्र गुणांची किंवा दुर्गुणांची पुतळी होती. नायिका सर्वगुणसंपन्न असे आणि खलपुरुष काळाकुट्ट. वाचक घटनांमागे धावत असे. आज त्या पात्रांची नावे अभ्यासकांखेरीज कोणाच्या ध्यानात नाहीत, याचे कारण बहुधा यातच आहे.

समर्थांचा आधार, चेटकिणीची मौज

विसाव्या शतकात मराठी भयकथेला स्वतःचा वाचकवर्ग मिळवून देण्याचे मोठे श्रेय नारायण धारप (१९२५-२००८) यांना जाते. त्यांच्या अनेक कथा-कादंबऱ्यांत 'समर्थ' ही व्यक्तिरेखा पुन्हा पुन्हा येते. अघोरी शक्तीने एखाद्या कुटुंबाला घेरले, की समर्थ येतात आणि साधनेच्या बळावर त्या शक्तीचा बंदोबस्त करतात. सोबत अप्पा जोशी असतात. वाचनालयांतून धारपांची पुस्तके हातोहात जात, त्यात समर्थांविषयीच्या विश्वासाचा वाटा मोठा होता. पुस्तक उघडताना भीती वाटेल, पण मिटताना घर सुरक्षित असेल, असा तो विश्वास. समर्थांना स्वतःची वासना नाही आणि प्रेमप्रकरणही नाही. घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखा त्यांचा आधार वाटतो.

रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांनी गूढकथेला दुसरे वळण दिले. त्यांच्या कथांतील भय बरेचदा बाहेरून येत नाही, ते माणसाच्या मनातच दबा धरून असते. याच मतकरींनी लहान मुलांसाठी 'अलबत्या गलबत्या' हे नाटक लिहिले. त्यातील चेटकीण आधी दिलीप प्रभावळकर यांनी आणि २०१८ मध्ये नव्याने आलेल्या प्रयोगात वैभव मांगले यांनी रंगवली. राजकन्येसाठी म्हणून नाटकाला आलेली मुले घरी जाताना चेटकिणीची नक्कल करीत जात. दुष्ट पात्र रंगतदार असले, की प्रेक्षक त्याच्यावर जीव टाकतो, हे नाट्यगृहातल्या पाच वर्षांच्या प्रेक्षकानेही सिद्ध केले आहे.

सिंधुदुर्गातील दशावताराला ही गोष्ट फार पूर्वीपासून माहीत आहे. जत्रेच्या रात्री देवळासमोर खेळ उभा राहतो, तेव्हा आरंभीच्या भागात काळ्या वेशातील संकासूर येतो. वेद चोरणारा हा असुर अखेरीस विष्णूच्या हातून मरणार, हे समोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. तरीही मंडपात हशा आणि टाळ्या मिळतात त्या संकासुराला. ज्या मातीत असुरावर असे प्रेम करण्याची रीत आहे, त्याच मातीत अण्णा नाईक यांचा वाडा उभा राहिला.

मालिका थोडक्यात

'रात्रीस खेळ चाले'चे चित्रीकरण सावंतवाडीजवळच्या आकेरी येथे झाले. दिग्दर्शन राजू सावंत यांचे. पहिले पर्व फेब्रुवारी ते ऑक्टोबर २०१६ या काळात चालले. त्याची सुरुवात अण्णा नाईक यांच्या मृत्यूने होते. मुंबईतला मुलगा, गावातला मुलगा, सुना, मुलगी असे सारे कुटुंब वाड्यावर जमते आणि एकामागून एक अनाकलनीय प्रकार घडू लागतात. दुसरे पर्व १४ जानेवारी २०१९ रोजी सुरू झाले आणि ऑगस्ट २०२० मध्ये संपले. या पर्वाने काळाचे चाक मागे फिरवले. पहिल्या पर्वात ज्यांची केवळ दहशत जाणवत होती, ते अण्णा येथे हाडामांसाचे झाले. त्यांची तरुण मुले, त्यांचे गुन्हे आणि त्यांचे शेवंतेशी असलेले प्रकरण हा या पर्वाचा विषय. मार्च २०२१ मध्ये सुरू झालेल्या आणि २०२२ पर्यंत चाललेल्या तिसऱ्या पर्वात अण्णा आणि शेवंता दोघेही मृत आहेत, पण वाडा सोडायला तयार नाहीत.

अण्णांची भूमिका माधव अभ्यंकर यांनी, माईंची शकुंतला नरे यांनी केली. शेवंतेच्या भूमिकेने अपूर्वा नेमळेकर घराघरांत पोचल्या. तिसऱ्या पर्वात ही भूमिका पुढे कृतिका तुळसकर यांच्याकडे आली. पांडूची भूमिका करणारे प्रल्हाद कुडतरकर हे मालिकेच्या लेखनातही होते. मालवणी बोली मुख्य प्रवाहातील मराठी मालिकेत इतक्या सातत्याने ऐकू येण्याचा हा दुर्मीळ प्रसंग होता.

हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. प्रेक्षकाला आधी भूत भेटले आणि मग ते भूत माणूस असताना कसे होते, हे तीन वर्षांनी कळले. दुसऱ्या पर्वात अण्णांचे काय होणार, हा प्रश्नच शिल्लक नव्हता. त्यांचा मृत्यू सर्वांनी पाहिला होता. तरीही प्रेक्षक दीड वर्षाहून अधिक काळ रोज रात्री टीव्हीसमोर बसला. कथानकाची उत्कंठा नसतानाही माणसे टिकून राहिली, याचा अर्थ ओढ व्यक्तिरेखांची होती.

अण्णा: भीती आणि मोह

अण्णा नाईक यांच्याविषयी चांगले बोलण्यासारखे फारसे काही नाही. जमीन, पैसा आणि स्त्रिया या तिन्हींची हाव, घरात एकाधिकारशाही आणि वाटेत येणाऱ्याचा जीव घेण्याची तयारी. ज्यांचा त्यांनी घात केला, तेच दुसऱ्या पर्वात भुते होऊन त्यांच्या मागे लागतात. मग असा माणूस प्रेक्षकाला का हवासा वाटावा?

पहिले कारण ओळखीचे. गावात एखादा तरी असा पुरुष असतोच. त्याच्या चपलांचा आवाज आला, की पोरे खेळ थांबवतात आणि बायका पदर सावरतात. त्याच्याविषयी बोलताना आवाज आपोआप खाली येतो. शहरात येऊन दोन पिढ्या झालेल्या कुटुंबांतही अशा आजोबांच्या, चुलत्यांच्या कथा सांगितल्या जातात. माधव अभ्यंकर यांनी तो धाक आवाजात, हसण्यात आणि रोखून पाहण्यात आणला. दुसरे कारण असे, की अण्णांना भय वाटते. सारे गाव ज्याला घाबरते तो माणूस रात्री एकटा असताना स्वतःच्या पापांना घाबरतो. सत्ता गाजवणाऱ्याच्या कपाळावरचा घाम पाहणे ही प्रेक्षकाला मिळणारी भरपाई होती. शिक्षा उशिरा होईल, पण ती होत आहे, याचे समाधान प्रत्येक भागात थोडे थोडे मिळत गेले.

तिसरे कारण शेवंता. तिच्यासमोर अण्णांचा आवाज बदलतो. तेथे ते मागणारे असतात, आर्जव करणारे असतात. ज्याच्या घरात कोणी मान वर करून बोलत नाही, तो एका बाईच्या रुसण्याने अस्वस्थ होतो, या विसंगतीत प्रेमकथेचे बीज होते.

शेवंता: हक्काची जागा

शेवंता ही विवाहित स्त्री. नवरा पाटणकर हा दुबळा, स्वभावाने गरीब माणूस. अण्णा तिच्या आयुष्यात येतात आणि ती त्या ओढीत पुरती अडकते. या व्यक्तिरेखेची जाहिरात झाली ती तिच्या साडीची, नजरेची आणि मादकतेची. समाजमाध्यमांवर तिच्यावर असंख्य विनोद फिरले. परंतु केवळ मादकतेवर एखादी व्यक्तिरेखा वर्षानुवर्षे स्मरणात राहत नाही. शेवंतेची खरी मागणी शरीरसुखाची नाही, स्थानाची आहे. चोरून भेटायला येणारा पुरुष तिला उजेडात हवा आहे. वाड्याच्या उंबऱ्यावरून तिला मानाने आत जायचे आहे.

मराठी समाजात 'ठेवलेली बाई' या शब्दांनी एका स्त्रीचे सारे आयुष्य निकालात काढले जाते. तिला नाव असते, पण आडनाव नसते. तिची मुले वाटणीत धरली जात नाहीत. शेवंतेने ही कोंडी चारचौघांच्या दिवाणखान्यात आणली. तिचा लोभ, तिचा कावा, तिची क्रूरताही मालिकेने झाकली नाही, त्यामुळे ती बिचारी झाली नाही. प्रेक्षक तिच्यावर रागावले, हसले आणि तिच्या विवंचनेने हळहळलेही. मेल्यावर ती वाड्यावर फिरते हे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. जिवंतपणी जे दार तिला मानाने उघडले नाही, त्याच दारातून ती आता विचारल्याशिवाय आत येते.

माई, पांडू आणि वच्छी

या जोडीला उठाव आला तो आजूबाजूच्या माणसांमुळे. माई म्हणजेच इंदू, ही अण्णांची पत्नी. नवऱ्याची सारी लक्षणे ठाऊक असून ती स्वयंपाकघर, मुले आणि घराची अब्रू सांभाळत राहते. तिची सहनशीलता हा गुण मानावा की त्या घराचा शाप, हे मालिकेने प्रेक्षकावर सोपवले. अनेक घरांत मायलेकी हे पर्व एकत्र पाहत होत्या आणि माईने बंड का केले नाही, यावर दोन पिढ्यांचे एकमत होणे अवघड होते. अण्णांची दहशत मोजण्याचे माप म्हणजे माईचे मौन.

पांडू हा घरचा गडी. विसराळू, भाबडा, पण घराच्या आगेमागे जे चालले आहे ते सगळे पाहणारा. भीतीने ताणलेल्या प्रसंगात त्याचे मालवणी बोलणे प्रेक्षकाला श्वास घेऊ देत असे. संजीवनी पाटील यांनी उभी केलेली वच्छी ही अण्णांकडून नाडली गेलेली आणि सूडाने पेटलेली बाई. गावाला तिची भीती वाटते, पण तिच्या हाती दुसरे कोणतेही शस्त्र नाही. पोलीस, पंचायत, नातेवाईक यांपैकी कोणीही दाद देत नाही, तेव्हा दुबळ्या माणसाजवळ शिव्याशाप आणि करणीची धमकी एवढेच उरते, हे वच्छीकडे पाहून कळत होते.

कावळा का शिवत नाही?

पाश्चात्त्य प्रेमकथेतील रक्तपिपासू चिरतरुण, देखणा आणि परका असतो. तो कुठून तरी दूरून येतो. मराठी भूत बहुधा घरचेच असते. त्याचे नाव, त्याची खोली, त्याची ताटवाटी सर्वांना माहीत असते. ते परत येते, कारण त्याचे काहीतरी राहून गेलेले असते.

लोकसमजुतीतील भुतांची वर्गवारी पाहिली, तर ती राहून गेलेल्या इच्छांची यादीच वाटते. मुंज झाल्यावर लग्नाआधी मेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. बाळंतपणात मेलेली स्त्री हडळ किंवा अलवंतीण होते, असे मानले गेले. ज्याची जमिनीवर, द्रव्यावर वासना राहिली तो समंध. लग्न, मूल, घर आणि धन या सांसारिक गोष्टी ज्यांना लाभल्या नाहीत किंवा सोडवल्या नाहीत, तेच येथे फिरत राहतात.

दहाव्या दिवशी नदीकाठी पिंड ठेवला जातो आणि कावळ्याची वाट पाहिली जाते. कावळा शिवला नाही, की जमलेले नातेवाईक एकेक इच्छा आठवू लागतात. धाकट्याचे लग्न करून देऊ, आईला अंतर देणार नाही, भावाशी अबोला सोडू, अशी वचने दिली जातात. शास्त्रावर विश्वास नसलेला, संगणकासमोर बसून पोट भरणारा माणूसही त्या क्षणी थोडा कासावीस होतो. गेलेल्या माणसाला काय हवे होते, हे आपण जिवंतपणी विचारलेच नाही, याची ती टोचणी असते. भुताची प्रेमकथा मराठी मनाला पटते ती याच जागी. प्रेम म्हणजे राहून गेलेली इच्छा आणि भूत म्हणजेही राहून गेलेली इच्छा, अशी ही दोन्ही एकाच मुळावर वाढतात.

आदित्य सरपोतदार दिग्दर्शित 'मुंज्या' हा हिंदी चित्रपट जून २०२४ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा याचा पुन्हा प्रत्यय आला. कोकणातील एका मुलाचे त्याच्याहून वयाने मोठ्या मुन्नीवर प्रेम असते. ते मिळवण्याच्या हट्टापायी तो अघोरी मार्ग धरतो, प्राण गमावतो आणि मुंजा होऊन बसतो. पुण्यात राहणाऱ्या नव्या पिढीतील तरुणाला त्याचा हट्ट वारशात मिळतो. राही अनिल बर्वे यांच्या २०१८ मधील 'तुंबाड'मागे धारपांच्या 'आजी' या कथेची प्रेरणा होती. त्यातही वाडा, वारसा आणि न संपणारी हाव आहे. या सर्व कथांतील घर कोकणात आहे आणि त्यापासून सुटू पाहणारा माणूस शहरात. मारुंजीसारख्या उपनगरातील प्रेक्षकाला ही दिशा वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

रोजची भेट

व्यक्तिरेखा मनात रुजण्यात मालिका या माध्यमाचाही वाटा आहे. चित्रपट दोन-अडीच तासांत संपतो. दैनंदिन मालिकेतील माणूस आठवड्यातून पाच-सहा वेळा, जेवणे आटोपल्यावर, दिवे मंद केल्यावर घरात येतो. त्याच्या सवयी, त्याचे शब्द, त्याची उठण्याबसण्याची ढब पाठ होते. अण्णा-शेवंतेचे प्रेमही असेच हप्त्याहप्त्याने उलगडले. आज नजरानजर, काही दिवसांनी निरोप, मग भेट आणि मग पश्चात्ताप. प्रेक्षकाला निवाडा करायला भरपूर वेळ मिळाला आणि तो निवाडा दुसऱ्या दिवशी कार्यालयाच्या बसमध्ये, डब्याच्या वेळी बोलूनही दाखवता आला.

पुढच्या काळात झी मराठीवरच 'सातव्या मुलीची सातवी मुलगी' ही मालिका २०२२ ते २०२४ या काळात चालली. भविष्यातील घटना दिसणारी नेत्रा तितीक्षा तावडे यांनी आणि तिच्या विरोधात उभी ठाकलेली रूपाली ऐश्वर्या नारकर यांनी साकारली. येथे नायिकेच्या अंगी अलौकिक शक्ती होती आणि संसारही होता. ही शक्ती वरदान आहे की ओझे, या पेचातून नेत्रा जवळची वाटली, तर रूपालीने पुन्हा एकदा खलपात्राचे आकर्षण दाखवून दिले. मात्र अण्णा आणि शेवंता जसे बोलीभाषेत शिरले, तसे भाग्य फार थोड्या व्यक्तिरेखांना लाभते. आकेरीचा वाडा पाहण्यासाठी पर्यटक वाट वाकडी करून जाऊ लागले, ही त्याची एक खूण.

आक्षेपांचे वजन

या लोकप्रियतेला दुसरी बाजू आहे. २०१६ मध्ये मालिका सुरू होताच कोकणातून तिच्याविरुद्ध सूर उमटले. कोकण म्हणजे भुतेखेते, करणी आणि देवस्की असे चित्र उभे करून या प्रदेशाची बदनामी होत असल्याचा तो आक्षेप होता. अंधश्रद्धेला खतपाणी मिळेल, ही चिंताही व्यक्त झाली. ती निराधार म्हणता येणार नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला. करणीच्या संशयावरून माणसांना, त्यातही एकट्या पडलेल्या स्त्रियांना छळ सोसावा लागतो, हे वास्तव ज्या राज्याने कायद्याने मान्य केले, त्या राज्यात वच्छीसारखी व्यक्तिरेखा दाखवताना जबाबदारी वाढते. पडद्यावरची चेटकीण रंजक असते. वस्तीतल्या बाईवर तोच शिक्का बसला, की तिचे जगणे मुश्कील होते.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. व्यभिचार, मारहाण आणि खून करणारा पुरुष रुबाबदार दिसू लागला, तर त्याचे गुन्हे सौम्य वाटू लागतात. अण्णांच्या नावाने फिरलेल्या विनोदांत माईचे दुःख कुठेच नव्हते. शेवंतेच्या वाट्याला तर दुहेरी न्याय आला. एकाच प्रकरणातील पुरुष 'अण्णा' म्हणून आदराने मिरवला आणि स्त्री मात्र थट्टेचा विषय झाली. मालिकेने दोघांनाही सारखेच दोषी दाखवले होते. हा फरक मालिकेबाहेर, प्रेक्षकांच्या बोलण्यात पडला.

ठसठशीत व्यक्तिरेखांचे मोल आणि धोका, दोन्ही येथे एकत्र दिसतात. समर्थांसारखा तारणहार वाचकाला निर्धास्त करून झोपवतो. अण्णा, शेवंता आणि माई मात्र प्रेक्षकाला स्वतःच्या घरातील माणसे आठवायला लावतात. ज्यांचा धाक सोसला ते आजोबा, ज्यांचे नाव घेतले जात नाही ती कोणी बाई, जिने कधी तक्रार केली नाही ती आजी. पडद्यावरील भूत खोटे आहे, हे शहरातील सुशिक्षित प्रेक्षकाला पक्के ठाऊक असते. पण गावच्या बंद घरात कोणाची कोणती इच्छा अडकून राहिली आहे, हा प्रश्न मालिका संपून वर्षे लोटली तरी सुटलेला नसतो. दिवाळीच्या किंवा गणपतीच्या सुट्टीत कुलूप उघडले जाते, जाळी-जळमटे झाडली जातात आणि भिंतीवरच्या जुन्या तसबिरींतील माणसे पुन्हा एकदा समोरासमोर येतात.